कोजागिरीचा समलंब चौकोन

मला फसवलं ते नारोशंकराच्या देवळानं.

कोजागिरीला तीन दिवस होते. पंचवटीतली आमची सोसायटी जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. गच्ची मात्र ऐसपैस. दर वर्षी तिथे मसाला दूध होतं, पोरांच्या अंताक्षरीत मोठी माणसं घुसतात आणि साडेदहाला सगळे पांगतात. यंदा सेक्रेटरींच्या डोक्यात आलं की अण्णांचे जुने फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचे. आमचे सेक्रेटरी आवाजानं नारोशंकराची घंटाच आहेत. त्यांच्या डोक्यात आलेलं चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना त्याच मिनिटाला कळतं. त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८१. नोकरी बँकेत केली, जीव कॅमेऱ्यात. १९६९ चा गोदेचा पूर त्यांनी ऐन पंचविशीत टिपलाय, पुढे १९९१ आणि २००३ चे सिंहस्थ, जुन्या नाशकातले एकेक करून उतरवलेले वाडे. त्या सगळ्या निगेटिव्ह माझ्या भाचीनं स्कॅन करून ठेवल्या होत्या. प्रोजेक्टर दादाच्या क्लासमधून आणला. दादाचा क्लास कॉलेज रोडला. यंत्र साधंच होतं, डीएलपी जातीचं, म्हणजे बारीक आरशांनी चित्र पाडणारं, १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, लेन्स पक्की बसवलेली. दादानं पिशवी हातात देताना सांगितलं, "सगळं ऑटोमॅटिक आहे, नुसतं लाव." फुकट मिळालेल्या वस्तूचं मॅन्युअल कोणी वाचत नाही, मीही वाचलं नाही.

लावलं तर पहिलं चित्र आलं तेच उलटं, डोकं खाली पाय वर. क्लासमध्ये यंत्र छताला उलटं टांगलेलं असतं, तीच सेटिंग राहिली होती. मेनूत जाऊन 'सीलिंग' चं 'टेबल' केलं.

गच्चीवर जिन्याच्या टॉवरवर पाण्याची टाकी आहे, म्हणून तिथली भिंत बारा-तेरा फूट उंच. गणपतीच्या आधीच पांढरा रंग दिलेला. अडचण एवढीच की खालच्या पाच फुटांत पाइपांचं जंगल आणि चार व्हॉल्व्ह. चित्र त्याच्या वर पडायला हवं. मी घरची टीपॉय आणली, भिंतीपासून सव्वाअकरा फुटांवर ठेवली, प्रोजेक्टर तिच्यावर आणि प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली एक वीट. उजेड वर चढला. पाइप सुटले. फोल्डरमधला पहिलाच फोटो नारोशंकराचा, नदीकडून काढलेला. शिखर कसं ताठ, दोन्ही बाजूंच्या भिंती ओळंब्यात. मी सेक्रेटरींना गच्चीवरूनच ओरडून सांगितलं, "झालं हो!"

दुसरा फोटो लावला. तो फोटो नव्हताच. अण्णांनी रेघांच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात केलेला पुरांचा तक्ता होता: साल, तारीख, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं. तो भिंतीवर पडला तो थेट कुंडीच्या आकारात. खाली निमुळता, वर फाकलेला. वरची अक्षरं मोठी, खालची बारीक, आणि समासाची उभी रेघ अशी तिरपी की कागद कोणीतरी भिंतीला कोपरा ओढून चिकटवलाय असं वाटावं. परत देवळावर गेले. देऊळ सरळ. परत तक्त्यावर आले. तक्ता कुंडी. पाचदा पुढेमागे केलं. मला वाटलं स्कॅनिंगमध्ये घोळ आहे, आणि भाचीला फोन करून उगाचच दोन शब्द ऐकवले.

घोळ कुठे आहे ते अण्णांनी जेवताना सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "देवळाचा फोटो काढताना मी घाटाच्या पायऱ्यांवर खाली होतो. कॅमेरा वर करावा लागला. कॅमेरा वर केला की इमारतीचा माथा आखडतो, भिंती आत झुकतात. तू प्रोजेक्टर वर केलास. त्यानं माथा फुलतो. मी जेवढं घेतलं होतं तेवढं तू परत दिलंस, म्हणून देऊळ सरळ. तक्ता भाचीनं सपाट ठेवून स्कॅन केला. त्याचं कुणाचंच काही घेणं नव्हतं, त्याला नुसतं फुलवलं गेलं."

मी हातातला घास तसाच धरून बसले. कॅमेरा आणि प्रोजेक्टर ही एकाच रस्त्यावरची येणारी आणि जाणारी गाडी आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर वरणभातावर कळलं. एकात उजेड आत येतो, दुसऱ्यात बाहेर जातो. कोनाचा हिशेब तोच. तेव्हा प्रोजेक्टर लावताना जुळवणी फोटोवर कधीच करू नये, निदान इमारतीच्या फोटोवर तर नाहीच. फोटोचा स्वतःचा वाकडेपणा असतो आणि दोन वाकडेपणे मिळून सरळ दिसतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेप घेऊन चढले. माझा धंदा हिशेब लिहिण्याचा. आकडा हाताला लागल्याशिवाय मला गोष्ट पटत नाही. मोबाइलमधली लेव्हल यंत्रावर ठेवली: १९ अंशांचा चढ. भिंतीवरच्या उजेडाची खालची कड भरली ८ फूट. वरची ९ फूट २ इंच. उंची साडेपाच फूट. आठ फूट रुंदीला खरी उंची हवी साडेचार फूट, म्हणजे चित्र वर फाकलं होतं एवढंच नाही, उभं ताणलंही गेलं होतं. लेन्सपासून वरची कड खालच्या कडेपेक्षा जास्त लांब, उजेड जितका लांब जातो तितका पसरतो. एवढंच कारण. आणि त्याच कारणानं वरची अक्षरं थोडी धूसरही होती. फोकस खालच्या कडेला पक्का केला की वरची कड पिठूळ, वरची पक्की केली की खालची.

मग रिमोटवरचं बटण दाबलं. त्यावर 'कीस्टोन' लिहिलेलं असतं. शब्द कमानीवरून आलाय. कमानीच्या माथ्यावर मधोमध जो पाचरीसारखा दगड बसवतात, वर रुंद आणि खाली निमुळता, त्याला इंग्रजीत तसं म्हणतात. जुन्या वाड्यांच्या दरवाजांवर तो पाहिलाय, आणि माझ्या भिंतीवरही नेमका तोच आकार होता. बटण दाबत गेले तशी वरची कड आखडत आली, उंचीही उतरली आणि तक्ता आयत झाला. सेक्रेटरी टाळी वाजवून खाली गेले.

मी थांबले, कारण मला भिंतीवर दोन चौकोन दिसत होते. आत अण्णांचा तक्ता, नीट आयत. आणि त्याच्या बाहेर, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना सहा-सहा इंचांच्या आणि माथ्यावर फूटभर अशी राखाडी पट्टी. जुनी कुंडी गेलीच नव्हती. ती होती तिथेच होती. फक्त तिच्या आत चित्र लहान करून बसवलं होतं. यंत्राच्या आतली चिप काही वाकली नव्हती, उजेडही तसाच तिरपा जात होता. बटणानं एवढंच केलं की चित्र आधीच उलट्या बाजूनं चेपलं, म्हणजे भिंतीवर जाऊन ते बरोबर फुलेल. उरलेले ठिपके बंद. पण डीएलपीतला बंद ठिपका पुरता काळा नसतो, थोडा उजेड गळतोच. ती राखाडी पट्टी म्हणजे तो गळका उजेड.

हिशेब मांडला. यंत्राकडे एकूण ठिपके २०,७३,६००. माझ्या कोनात त्यातले साधारण पाचव्या हिश्श्याचे वाया जात होते, म्हणजे चार लाखांवर. तेवढा उजेडही गेला. पण खरा मार दुसरीकडे बसतो. चित्राच्या सगळ्यात वरच्या ओळीत १९२० ठिपक्यांचा मजकूर आहे आणि त्याला बसायला जागा उरलीय १७०० च्या आसपास. १९२० माणसांची पंगत १७०० पाटांवर बसवायची. कुणाला अर्धा पाट, कुणाच्या मांडीवर कोणी. फोटोत हे खपून जातं, आभाळाला काय फरक पडतो? रेघांच्या कागदावर खपत नाही. अण्णांच्या तक्त्यातल्या आडव्या रेघा एक जाड, एक पुसट, एक नाहीशी अशा दिसायला लागल्या, आणि बारीक आकड्यांतला ३ आणि ८ लांबून एकच. पुराच्या तक्त्यात साल वाचता येत नसेल तर तो दाखवायचा कशाला?

एव्हाना गच्चीवर सल्लागार जमले होते. सेक्रेटरींच्या मुलाकडे ऑनलाइन मागवलेला डब्याएवढा प्रोजेक्टर होता, त्याच्या खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाचा, मोठा आकडा. आकड्यापुढे 'एएनएसआय' ही अक्षरं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजल्याची खूण, नव्हती. ती नसली की तो आकडा लग्नाच्या पत्रिकेतल्या वेळेसारखा समजावा. त्याला मात्र कीस्टोन आपोआप होतं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवला, चित्र दोन सेकंदांत झटकन आयत झालं, सगळे खूश. मग एक पोरगं स्टुलाजवळून पळालं. स्टूल हललं, यंत्राला वाटलं आपण तिरपे झालो, त्यानं परत दुरुस्ती केली. पोरगं परत आलं. परत दुरुस्ती. चित्र श्वास घेतल्यासारखं लहानमोठं व्हायला लागलं. त्याच्या पोटात चढ ओळखणारा एक सेन्सर असतो, बस. तो जमिनीशी आपला कोन मोजतो. भिंत कुठे आहे, सरळ आहे की तिरपी, हे त्याच्या गावीही नसतं. डावीउजवीकडचा तिरपेपणा त्याला कळतच नाही. काही महागड्या यंत्रांना कॅमेरा असतो आणि ती भिंतीकडे बघून जुळवतात. हे त्यातलं नव्हतं. आणि उजेड इतका मिणमिणता की शेजारच्या इमारतीवरचा हॅलोजन लागल्यावर पूर पुसलाच गेला. चंद्राची काळजी सगळे करत होते, ती फुकट. पौर्णिमेचं चांदणं उजेडाच्या मापात एका लक्सच्याही आत, म्हणजे नगण्य असतं. प्रोजेक्टरला मारतो तो शेजारचा दिवा.

तळमजल्यावरचे काका तेवढ्यात वर आले. त्यांनी तीस वर्षं शहरातल्या एका थिएटरात ऑपरेटर म्हणून काढलीत, कार्बनच्या कांड्या जाळून चालणाऱ्या मशीनपासून. एरवी ते कुणाच्या कामात पडत नाहीत. भिंतीकडे बघितलं आणि हसले.

"आमचं उलटं असायचं ताई. केबिन बाल्कनीच्याही वर. मशीन वरून खाली बघायचं, म्हणून चित्र खाली फाकायचं."

"मग काय करायचा?"

"घासायचो. गेटमध्ये प्लेट असते पत्र्याची, तिच्या भोकातून फिल्मवर उजेड पडतो. नवी प्लेट यायची ती भोक लहान ठेवून. मशीनला लावायची, पडद्यावर उजेड टाकायचा, काढायची, बारीक कानशीनं घासायची, परत लावायची. अर्धी रात्र जायची. चारी कडा पडद्याच्या काळ्या पट्टीत गेल्या की झालं."

"म्हणजे चित्र सरळ व्हायचं?"

"छे! कडा सरळ व्हायच्या. आतला हिरो होता तसाच, पायाशी थोडा रुंद. पण चौकट सरळ असली की आतलं कोण बघतं?"

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली फाळके जन्मले, त्यांची फिल्म कंपनी नाशकात चालली, आणि त्या गावात एका गच्चीवर आठ माणसांना एक आयत पाडता येत नव्हता. हे मी मनात म्हटलं. सेक्रेटरींनी ते मोठ्यानं म्हटलं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काही थिएटरांत पडदाच वरच्या बाजूनं किंचित मागे झुकवून बांधलेला असे, म्हणजे वरून येणाऱ्या उजेडाला तो आडवा येई. यावरून मला आमच्या शाळेतला ओव्हरहेड प्रोजेक्टर आठवला. त्याच्या पडद्याच्या डोक्यावर खाचा असलेली एक दांडी असायची, ती ओढून पडद्याचा माथा वर्गाच्या दिशेनं पुढे आणायचे. आम्हाला वाटायचं ती पडदा अडकवायची खुंटी. आता कळलं, उजेड खालून वर जातो तेव्हा पडदा पुढे झुकवला की दोघं पुन्हा काटकोनात येतात. आम्ही लगेच एक पांढरी चादर आणली आणि टाकीच्या सळईला दोऱ्या बांधून तिचा माथा दीड फूट पुढे काढला. चित्र सुंदर आलं. मग गोदेवरून वारं सुटलं आणि चादरीचं शीड झालं. तो प्रयोग तिथेच संपला.

तिसऱ्या संध्याकाळी मी ठरवूनच चढले: बटणाला हात लावायचा नाही. चित्र वाकवायचं नाही, यंत्र सरळ करायचं.

वाट अण्णांनीच दाखवली. त्यांच्या तरुणपणी एका स्टुडिओत भात्याचा मोठा कॅमेरा होता. उंच इमारत घ्यायची तर तो कॅमेरा वर करत नसत. कॅमेरा सरळच ठेवून नुसती पुढची लेन्स वर सरकवत, की माथा चित्रात यायचा आणि भिंती ताठ राहायच्या. महागड्या प्रोजेक्टरना हेच असतं, त्याला लेन्स शिफ्ट म्हणतात. एक चाक फिरवलं की चित्र वरखाली सरकतं, यंत्र जागचं हलत नाही, एकही ठिपका वाया जात नाही. आमच्याला ते चाक नव्हतं. पण दादाला फोन केल्यावर एक गंमत कळली. असल्या साध्या यंत्रातही कारखान्यातच लेन्स थोडी सरकवून पक्की केलेली असते. म्हणून टेबलावर अगदी सपाट ठेवलं तरी उजेड समोर न जाता वर चढतो. चित्राची खालची कड जवळपास लेन्सच्या उंचीला येते आणि बाकी सगळं तिच्या वर. क्लासमध्ये उलटं टांगण्याचं कारणही तेच, तिथे चित्र छतापासून खाली उतरायला हवं असतं. म्हणजे मला वीट लावायची गरजच नव्हती. मला हवी होती उंची. चित्राची खालची कड साडेपाच फुटांवर हवी, तर लेन्स साडेपाच फुटांवर न्यायची आणि यंत्र आडवं ठेवायचं. तीन दिवस मी मान वर करून जे करत होते ते एक शिडी चढून झालं असतं.

रंगाऱ्यांची लाकडी घोडी जिन्याखाली पडून होती. ती वर चढवली, वर एक फळी आणि पोत्याची घडी घातली. भिंतीपासून मागे सरकवत बरोबर १२ फुटांवर आणली. या लेन्सला रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, आठ फुटांना बारा. उजेड आता बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जात होता, हा वरकड फायदा. टीपॉयवर असताना दर दोन मिनिटांनी पुरात कुणाचं तरी डोकं तरंगायचं.

चित्र पडलं आणि तरीही वाकडं. पण हे वाकडेपण वेगळं होतं: अख्खा आयत एका अंगावर कललेला, फोटोफ्रेम भिंतीवर तिरकी टांगल्यासारखा. मी परत कोनांच्या मागे लागले असते, पण काकांनी पायानं फरशी ठोकली. "गच्चीला उतार असतो ना ताई, पाणी जायला." खरंच की. घोडीचे चार पाय चार उंचींवर उभे. याला कीस्टोन म्हणत नाहीत आणि आमच्या रिमोटवरचं कुठलंही बटण त्याला लागू पडत नाही. काकांनी घरून गवंड्याची पाणसळ आणली, दोन पायांखाली कपच्या घातल्या, बुडबुडा मध्ये आला. पुढून-मागून बघितलं, डावीउजवीकडून बघितलं. भिंतीलाही ओळंबा सोडला. ती आठ फुटांत अर्धा इंच बाहेर होती. गवंड्याला माफ केलं.

आता आयत खरंच आयत आहे का? काका म्हणाले, कर्ण मोजा, पाया आखताना गवंडी तेच करतात. दोरीनं दोन्ही कर्ण मोजले. समान. मी "झालं" म्हणणार तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची नववीतली पोरगी म्हणाली, "काकू, समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णपण समानच असतात." सगळे गप्प. बरोबर होतं तिचं. पहिल्या दिवशीच्या कुंडीचे कर्ण मोजले असते तर तेही इंचाइंचाला जुळले असते. कर्णांवरून वरखालचा तिरपेपणा कळत नाही. त्यासाठी वरची आणि खालची कड वेगळी मोजावी लागते. मोजली. वरची ८ फूट, खालची ८ फूट. पोरीला त्या दिवशी पहिल्या कढईतलं दूध कबूल केलं.

शेवटची तपासणी मी माझ्या धंद्यातल्या हत्यारानं केली. एक्सेलमध्ये बारीक चौकटींचा कागद केला, मधोमध एक वर्तुळ काढलं, आणि बरोबर १९२० बाय १०८० चं चित्र करून लावलं. वर्तुळाला टेप लावला, उभं आडवं सारखं. विटेच्या दिवशी हेच लावलं असतं तर अंडं दिसलं असतं आणि देवळानं मला फसवलं नसतं. चौकटींच्या रेघा एका ठिपक्याच्या जाडीच्या होत्या, त्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत एकसारख्या उतरल्या. मुद्दाम एकदा कीस्टोन दोन घर पुढे दाबून बघितलं. लगेच रेघांवरून तलम साडीवर पडते तशी लाट पसरली, कुठे जाड, कुठे नाही. परत शून्यावर आणलं, लाट गेली. डावी कड उजवीपेक्षा अर्धा इंच लांब राहिली, घोडी कितीही सरकवली तरी. त्या अर्ध्या इंचासाठी मी बटण दाबलं नाही. उद्या क्रिकेटची मॅच लावायची असती आणि यंत्र कोपऱ्यातच ठेवावं लागलं असतं, तर खुशाल दाबलं असतं. चेंडूला रेघा नसतात. दादाच्या क्लासमध्ये पंखा मध्ये येतो म्हणून ते कायम दाबलेलंच असतं. पण तिथली पोरं फळ्यावरची गणितं डोळे बारीक करून वाचतात, त्याचं कारणही आता मला ठाऊक आहे, आणि दादाला ते सांगून झालंय. तो म्हणाला, पंखा हलवायला इलेक्ट्रिशियन मिळत नाही.

कोजागिरीला पावणेसातपासून सतरंज्या पडल्या. चंद्र तपोवनाच्या बाजूनं वर आला, भिंतीवर त्याचा काही परिणाम नाही, बघून सेक्रेटरी जरा हिरमुसले. १९६९ च्या पुराचे फोटो लागले आणि दुतोंड्या मारुतीला तेव्हा पाणी कुठवर होतं यावरून पहिल्या रांगेतल्या दोन आजोबांची जुंपली. अण्णांनी तक्ता लावायला सांगितला. मागच्या कठड्याजवळ उभ्या असलेल्या माणसानं साल मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्यासाठी कार्यक्रम तिथेच वसूल झाला. वाद मिटला नाही ते सोडा.

मग नारोशंकराचं देऊळ आलं. सरळ ठेवलेल्या यंत्रातून, शून्य कीस्टोनवर, पहिल्यांदाच मूळ फोटोत होतं तसं: माथा आखडलेला, शिखर मागे रेललेलं.

"अहो, देऊळ मागे पडतंय! प्रोजेक्टर वाकडा झालाय!" तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, आणि सेक्रेटरी कोपऱ्यातली ती वीट उचलून घोडीकडे निघालेसुद्धा.

"हात लावू नका त्याला," अण्णा खुर्चीतूनच म्हणाले. "यंत्र सरळ आहे. मी खाली पायऱ्यांवर उभा होतो."

सेक्रेटरींनी वीट खाली ठेवली. दूध तोवर दुसऱ्यांदा उकळायला लागलं होतं.